दोन इंच

आरोयोतला तो एक दगड
माझ्या ट्रकला पोटाकडून ओळखतो.
आरोयो म्हणजे अकरा महिने कोरडा ओढा.
त्याच्या पलीकडे आमचं घर, अलीकडे बाकीचं सगळं जग.
ट्रक अठ्ठ्याण्णव सालचा. दोन लाख अकरा हजार मैल.
मागचे पाटे इतके दमलेत
की पिन्यॉनची लाकडं भरली
की नाक वर करून आभाळ हुंगत चालतो.
आणि रिकामा असो, भरलेला असो,
त्या दगडापाशी
खर्रर्र.
आई दाराची कडी धरते,
एखाद्या संताचं नाव घेते.
दर वेळी वेगळ्या. कुणावर भार नको म्हणून.

चुलतभाऊ आदेलाइदोनं सहा इंच उचलली त्याची.
खालून बकरी न वाकता जाते.
त्याला स्वर्ग दोन बोटं उरलाय
आणि हप्ते एकतीस.
मी ती गाडी बघतो. खोटं कशाला बोलू,
रात्री डोळे मिटूनही बघतो.

कॉफीच्या डब्यात चारशे बारा डॉलर,
थोडी चिल्लर, आणि एक पेसो,
तो कुठून आला देव जाणे.

लेबा गॅरेजवाला डबा हलवून बघतो,
आवाजावरून हिशोब करतो.
"पुढं स्प्रिंगवर दोन इंचांचे स्पेसर,
मागं एक जादा पाटा. बस.
तीन मागशील, तर सांधे तिरके होतील,
ब्रेकची नळी ताणेल,
आणि तू इथंच येशील, रडत."
"आणि मागं नुसते ठोकळे घातले तर? स्वस्त पडतील."
लेबा काहीच बोलला नाही.
पाना पुसत राहिला, पुसून झालेला पाना.

तरी मी म्हणालो असतो, चार.
चार इंचांना माणूस सहज हो म्हणतो,
पैसे नसले की तर आणखीच सहज.

पण सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी
आईला चाळीस मैलांवर न्यायचं असतं,
तिथं चार तास यंत्र तिचं रक्त धुतं.
ती अंगणात आली, ट्रकच्या दाराशी उभी राहिली,
स्कर्ट जरा वर धरला
आणि उजवा पाय उचलला,
जेवढा उचलतो तेवढा.
"इथपर्यंत," म्हणाली.
मी खडूनं रेघ मारली.
रेघ आणि उंबरा यांच्यात
मी टेप धरला, दोनदा धरला.
दोन इंच आणि एक दोरा.
दोरा तिनं ठेवून घेतला. "थंडीत लागेल."

शनिवारभर आम्ही ट्रकखाली.
गंजलेला एक बोल्ट निघेना,
लेबानं त्याला तापवलं, शिव्या घातल्या, मग विनवलं.
विनवण्यावर निघाला.
उरले अठ्ठावीस डॉलर. अलाइनमेंटचे ऐंशी लागतात.
म्हणून स्टिअरिंग अजून थोडं डावीकडं ओढतं,
जशी म्हातारी घोडी ओढते घराकडं.
पुढच्या महिन्यात बघू.

सोमवारी, पहाटे साडेचार.
आई चढली. पाय टेकला, ढुंगण टेकलं,
पिशवी मांडीवर. बोलली नाही.
आरोयोत उतरलो. मी रेडिओ बंद केला.
दगड आला.
दगड गेला.
काहीच नाही.
तिचा हात कडीवर तसाच,
ओठ उघडे, नाव अर्धवट.
मग तिनं ते नाव पूर्ण घेतलं,
सुरुवात केलीच आहे तर.

पलीकडच्या चढावर
समोरून ओर्तेगांची गाडी आली
आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला.
पुढून उचललं, तसे माझे दिवेही उचलले गेले होते,
उजेड रस्ता सोडून
जुनिपरच्या शेंड्यांवर पडत होता.
गाडी थांबवली. बॉनेट उघडलं.
स्क्रू दोन्हीकडं थोडा थोडा फिरवला,
तोंडात टॉर्च धरून,
आई खिडकीतून सांगत होती,
"खाली. अजून खाली.
अरे, चालायला लागतं तेवढंच."