फेरफार

दिवसभर मी ऐरोलीच्या लॅबमध्ये
लोकांच्या लघवीचा रंग लिहिते :
फिकट पिवळा, गडद पिवळा, गढूळ.
संध्याकाळी घणसोलीला आले
की कुलपात किल्ली जायच्या आधीच
नाक मला घरचा रिपोर्ट वाचून दाखवतं.

पायपुसणं. रॅकमधला डावा बूट.
बाबांची रद्दी, आणि तीसुद्धा
फक्त महापालिकेच्या बातम्यांचं पान,
असं बाबांचं म्हणणं.

नाल्याच्या कठड्यावर सापडला तेव्हा
तो बोका नव्हताच,
पिळून टाकलेला हातरुमाल होता,
एका कानाचं टोक कुणीतरी नेलेला.
कोपऱ्याकोपऱ्यात नोंदी करतो म्हणून
बाबांनी नाव ठेवलं, तलाठी.
‘आपला सातबारा सिडकोनं नेला,
यानं चार दिसांत
आख्खा फ्लॅट नावावर केला बग.’

त्याचा डबा मात्र कोरा.
निळा, महाग, लव्हेंडरच्या वासाचे खडे भरलेला.
तो डब्याशी जायचा, पुढचा एक पाय आत टेकायचा
आणि तव्याला लागल्यासारखा मागे घ्यायचा.
मी ओरडले. एकदा पेपरची सुरळीही उगारली.
तो पळाला नाही.
नुसते डोळे मिटून घेतले,
मार ओळखीचा असल्यासारखे.

मग त्या मंगळवारी रात्री
तो बेसिनमध्ये चढून बसला.
बसला, उठला, पुन्हा बसला,
आणि पांढऱ्या चिनीमातीवर
तीन थेंब. गुलाबी.
ह्या रंगाभोवती आमच्या रजिस्टरात
लाल शाईनं गोल करतात.

डॉक्टर लोटलीकरांनी पोट चाचपलं.
मूत्राशय कच्च्या पेरूसारखं टणक.
उरलेला नमुना मी पर्समध्ये घालून नेला
आणि लॅब बंद झाल्यावर काचेखाली ठेवला.
पुस्तकात लिहिलंय : हे स्फटिक
शवपेटीच्या झाकणासारखे दिसतात.
शवपेटी मी कधी जवळून पाहिली नाही.
मला ती कौलं दिसली,
आमच्या गावठाणातल्या पाडलेल्या घराची,
एकावर एक, ढिगात.

‘मुतताना दुखलं तेव्हा पायाखाली डबा होता,’
डॉक्टर म्हणाल्या,
‘त्याच्या हिशेबात डबाच चावतो.’

दर चार तासांनी सिरिंजनं पाणी.
गोळीचा अर्धा तुकडा, त्याचाही अर्धा.
सुके बोंबील बंद.
बाबांनीही आठवडाभर तोंडाला लावले नाहीत,
वासानं त्याला तरास नको म्हणून.
आईच्या आजारपणात त्यांनी
बिडीसुद्धा सोडली नव्हती.
मी बोलले नाही.

डबे बदलले. पिवळा, उथळ, झाकणाचा.
भुसा बदलला. पेपर फाडून घातले.
आणि एक दिवस बाबा रंगाची रिकामी बादली घेऊन
लिफ्टनं खाली गेले.
पलीकडच्या टॉवरच्या पार्किंगमागे,
जनरेटरच्या भिंतीला लागून
आमच्या भाताच्या बांधाचा
दीड हात तुकडा अजून उघडा आहे.
वॉचमननं विचारलं, काका, किधर?
‘शेतान,’ बाबा म्हणाले.
त्यानं वहीत सही करायला लावली.

‘ज्यानं जल्मभर मातीन केलं,
त्याला यो अत्तराचा भुसा कनाला?’
त्यांनी माती चाळली, खडे काढले,
पेरणीआधी काढावेत तसे,
आणि पोळीच्या जुन्या परातीत पसरली.

रात्री तीनला आवाज आला.
खर्र. खर्र. मग शांत.
ती शांतता मी श्वास धरून मोजली.
एकवीस.
मग परत खर्र, खर्र,
चारी बाजूंनी ओढून, नीट झाकून.

मी मोबाईलच्या उजेडात गुडघ्यांवर बसले,
चमच्यानं उकरलं.
लिंबाएवढा ओला गोळा.
हुंगला. हो, हुंगला.
आतल्या खोलीतून अंधारातच बाबा म्हणाले,
‘झाली नोंद?’
झाली, म्हटलं.

परवा पुन्हा डावा बूट भिजला.
बाबांनी तो गॅलरीत उलटा घातला,
आणि उरलेल्या मातीची बादली
गोदरेजच्या कपाटाशेजारी सरकवली,
वर ताट झाकून,
बियाणं ठेवतात तशी.