कानडी फारम

उद्यमबागेत पंपाच्या कारखान्यात स्टोअरला बाई पाहिजे
असं फौझिया सांगून गेली, गिरणी चालू असताना,
म्हणून निम्मंच ऐकू आलं.
निम्म्यावरच मी फारम घेऊन आले.

चार पानं. सगळी कानडी.
मी चंदगडकडची, लग्न होऊन उचगावात आले,
मधे एक नाका, आणि भाताची शेतं दोन्हीकडं सारखीच.
दहा वर्षांत कानडी माझ्या कानापर्यंत आली,
डोळ्यापर्यंत नाही.

तनुजा पाटावर बसली पेन घेऊन.
चौथीत आहे. कानडीत पंचवीसपैकी तेवीस.
"आई, विळास सांग."
विलास? तो कुठला आपल्या घरात!
"अगो, पत्त्याला म्हंत्यात."
मी हसले तसा धाकटाही हसला, तोंडातला पाव सांडत.
गिरणीमागं, नळाशेजारी, पत्र्याचं दार:
एवढा आमचा विलास.

"उद्योग?"
नसते उद्योग, तुझी आज्जी म्हणते ते.
ती खरंच लिहायला लागली. मी हात धरला.

मग एका शब्दाशी ती थांबली.
अनुभव.
हा सांगावा लागला नाही. नाक्याच्या दोन्हीकडं तोच.

लग्नाआधी काजूच्या कारखान्यात अकरा महिने.
टरफलाचा चीक लागून बोटं काळी.
पाहुणे बघायला आले तेव्हा आई म्हणाली, हात पदराखाली ठेव.
टायपिंग, मराठी, तीस, पास.
प्रमाणपत्रावर नाव भागीरथी नागोजी गावडे.
त्या बाईला इकडं कोणी ओळखत नाही.
आणि नंतरची दहा वर्षं
बोटभर रकान्यात कशी घालायची?
"लिही तुला सुचेल ते," म्हटलं.
दूध उतू चाललं होतं.

हिरेमठ मॅडमच्या टेबलावर ग्रीसचा वास.
पहिलं पान उलटलं. दुसरं.
तिसऱ्यावर त्या थांबल्या, परत वरपासून वाचलं,
मग अडखळत्या मराठीत,
"हे अक्षर कोणाचं?"
मुलीचं.
"काय लिहिलंय ठाऊक आहे?"
नाही.
"आईला कानडी येत नाही. मी शिकवायला लागलेय.
दिवाळीपर्यंत येईल."

माझे कान तापले.
दिवाळी सव्वादोन महिन्यांवर, आणि मला अजून ठाऊकच नव्हतं
की मी शिकायला लागलेय.
पंख्यानं पानं उडायला लागली,
त्यांनी वर एक बेअरिंग ठेवलं.

"इथं चलनं येतात. कानडीत, इंग्रजीत."
आकडे येतात मला.
"लहानगा आजारी पडला तर?"
जाऊबाई आहेत, म्हटलं.
जाऊबाईंना विचारलेलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, संबळ साडेनऊ हजार.
माझ्या डोळ्यापुढं आधी गोंधळीच उभा राहिला,
कमरेला बांधून, वाकून वाजवणारा.
पगार, हे नंतर कळलं.
तेवढा वेळ आत काहीतरी वाजत राहिलं खरं.

सोमवारी फोन करू म्हणाल्या.
कुठल्या सोमवारी, ते मी विचारलं नाही.

स्टँडवर रोज कंडक्टरला विचारते.
आज म्हटलं, पाटी वाचू.
पहिलं अक्षर गेलं. दुसरं गेलं.
तिसरं घोड्याची नाल,
तनुजा म्हणते तो ग.
तिसरा ग, म्हणजे बेळगुंदी तरी, नाहीतर आमचं.
ओठ हलवत मी शेवटच्या अक्षरापर्यंत पोचले.
व.
उचगाव! माझीच गाडी.

ती तोवर वळून फाटकाबाहेर.

शेंगावाली ओरडली,
"अगो बाय, खट्टे बघूलीस? चुकली की!"
चुकली, म्हटलं. पण वाचली.

पुढची साडेपाचला.
धाकट्याला भूक लागली असेल.