नाळेतला मुक्काम

अर्वाइखेरचा दवाखाना. बाहेर उणे तीस.
करड्या पडद्यावर बोट ठेवून दुलामसुरेन विचारते,
नाळेच्या मुळाशी हा गोळा कसला?
आतडं आहे, मी म्हणते. बाळाचं.
पोटाबाहेर?

कसं सांगू. यकृताने सगळं घर व्यापलंय
आणि आतडं तर वाढायचं थांबत नाही.
म्हणून ते नाळेत उतरलंय,
तिथेच वळतंय, घड्याळाच्या उलट,
थोडं आता, उरलेलं परतताना.

ती हवेत काहीतरी मोजते.
मेंढीचं आतडं नदीवर धुतलंय तिने,
वावच्या वाव. संपतच नाही, म्हणते,
आणि मावलेलं असतं एवढ्याशा पोटात.
मग हसते. कुरण पुरेना झालं की
आम्हीही कळप घेऊन लांब जातोच.
पण परततं ना?

बहुतेकदा. बाराव्या आठवड्यापर्यंत.
आधी लहान आतड्याची वेटोळी,
सगळ्यांत शेवटी ते आंधळं टोक,
यकृताखाली थबकून
मग उजवीकडे खाली सरकणारं,
रेंगाळलेलं कोकरूच.

'बहुतेकदा' तिने ऐकलंय.
कातडी डेल चढवून ती कमरेचा पट्टा बांधते,
सैल.
तीन आठवड्यांनी या, मी लिहून देते.
दारात तिचा नवरा
ट्रकमध्ये किती डिझेल उरलंय ते आठवतोय.