आत्याचा मान

नाव ठेवायचा मान आत्याचा,
मग बारसं देवळात असो नाहीतर चर्चमध्ये.
शमूचा फोन आला तेव्हा मी टॉवेलच्या कडा मारत होते,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात,
दोनशे चाळिसावा नग.
"अक्का, मुलगी झाली.
शास्त्रातलंच नाव काढ,
पण शाळेत पोरं हसणार नाहीत असं."

एवढ्या अटीवर
उरतात किती?

दुर्कस माझी लाडकी. विधवांना अंगरखे शिवून देणारी,
म्हणजे माझ्याच धंद्यातली.
पण दुर् म्हटलं की पोरं पुढचं जोडणार,
दुर्दैव, दुर्गंधी,
त्यांना काय, फळ्यावर शब्दच तसले असतात.
लुदिया जांभळं कापड विकायची.
इथं डाइंगमध्ये जांभळ्याला हात लागला
की आठवडाभर भाकरीवर बोटं उमटतात.
ती नदीकाठी प्रार्थनेला बसायची म्हणे.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी.
मिर्याम गोड आहे,
पण घरमालक ऐकून मरियम म्हणेल
आणि विचारेल, तुम्ही नेमके कोण?
नामी तर मराठीतही नामीच,
पण तिनंच ते टाकलं,
मला कडू म्हणा, म्हणाली गावच्या बायांना.

नावाचं काही खरं नसतं असं म्हणतात.
माझं मार्था.
आईनं कौतुकानं ठेवलं,
तिला काय ठाऊक, ते चूल घेऊन येतं.
पाळक घरी आले की सगळे वचन ऐकायला बसतात
आणि मी आत कांदा चिरते,
अजून चिरते,
बावन्न वर्षांची झाले तरी.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर सरळ दवाखान्यात गेले.
पंखा गरम हवाच ढवळत होता.
सुवार्ता भिंतीकडे तोंड करून,
बाळ कुशीत,
आमच्याच कारखान्याच्या दुय्यम मालात गुंडाळलेलं,
कडेला एक धागा सुटलेला. मी तो दातानं तोडला.

मागच्या वर्षीचा अकरा दिवस होता.
आम्ही नावासाठी थांबलो होतो,
येत्या रविवारी ठेवू, म्हणून.
दफनभूमीतल्या पाटीवर रंगाऱ्यानं विचारलं, काय लिहू?
शमूनं सांगितलं, बाळ हिवाळे.
पाटी अजून तशीच आहे.
त्या दिवसापासून सुवार्ता कुठल्याच पाळण्याकडे बघत नव्हती.

"राहेल," ती भिंतीला म्हणाली.

मी गप्प.
राहेल वाटेतच गेली, बाळंतपणात,
हे मला माहीत, तिलाही माहीत,
दोघी एकाच बाईंच्या रविवारच्या शाळेत शिकलो.
काय बोलायचं?
यादी माझ्या पर्समध्ये होती,
पगाराच्या पाकिटामागे लिहिलेली.

शेजारच्या खाटेजवळ नरसव्वा,
सुनेच्या उशाशी, नव्या पेठेतली, मागावरची,
तेलुगूतून मराठीत येताना तिचे शब्द
उंबऱ्याला अडखळतात.
तिनं अर्धंच ऐकलं.
"राहील की," म्हणाली, "का नाय राहणार?
बघ ना, मूठ कशी धरलीय."

सुवार्तानं तोंड वळवलं.
दोन महिन्यांत पहिल्यांदा
तिचा चेहरा मला पुरता दिसला.

तेवढ्यात खाली ओरडा, पाणी आलं, पाणी आलं,
दवाखान्याच्या मागच्या चाळीतल्या बायका
घागरी आपटत धावल्या,
आणि शमू जिन्यातून, अक्का, चल,
घरी पिंप रिकामं आहे.

पेढे नव्हते, पाळणा नव्हता,
पाळक रविवारी येणार होते.
मी वाकले.
बाळाच्या कानाशी लव होती, ओलसर.
कांद्याचा वास येत असेल माझ्या हाताला,
येऊ दे.
एकदा म्हटलं, मग पुन्हा,
तिसऱ्यांदा म्हणताना
माझं मलाच कळलं नाही
मी तिला हाक मारतेय
की सांगतेय.

पिंप अर्धंच भरलं त्या दिवशी.