‘ङ’ला काम

इकबाल बारगीरनं काट्यावर टाकला तेव्हा
साडेसहाशे ग्रॅम भरला वेल्श शब्दकोश,
मधोमध फाटलेला, पहिला अर्धा.
“कुणाची भाषा ही?”
“डोंगरातल्या, मेंढरं राखणाऱ्यांची.”
“मग आपलीच की,” म्हणाला,
आणि दहा रुपये कमी केले.

उद्यमनगरात रात्रपाळीला लेथ फिरतो,
मी पत्र्यावर खडूनं लिहितो :
काथ, मांजर. तुझं असेल तर गाथ, तिचं खाथ.
माझं म्हटलं की ङ्हाथ.
आपण शब्दाची शेपटी मुरडतो, घोडा, घोड्याला;
हे लोक तोंडच बदलतात.
पहिलीच्या तक्त्यावर ज्याच्यापुढं चित्र नव्हतं,
बाई ज्याला घाईनं ओलांडायच्या,
त्या ‘ङ’ला माझ्या चाळिशीत काम लागलं.
मांजर मात्र माझ्याकडं नाही.

व्याकरण शोधत वाचनालयात गेलो.
‘इतर भाषा’च्या कपाटात कन्नड निघाली, थोडी रशियन,
आणि एक मेलेली पाल.

‘ल्ल’ म्हणायला जीभ टाळूला लावून
कडेनं वारा सोडायचा.
पहाटे गंगावेशीत, धारोष्ण पेला हातात,
म्हशीपाशी उभा राहून म्हटलं : ल्लाइथ. दूध.
तिनं कान टवकारले.
“काय म्हणालास रं तिला?” दौलू गवळी उखडला.

कोश ‘ल्ल’पाशीच संपतो.
म्हणजे रात्रीचा शब्द पलीकडच्या अर्ध्यात,
आणि माझी पाळी रोज दहाची.
मोबाईल सांगेल चुटकीसरशी. विचारत नाही.
इकबालला सांगून ठेवलंय,
उरलेला आला तर
तोलू नकोस, बाजूला ठेव.