अंकली फाटा

गळ्याच्या खळीत आता एक भोक आहे,
रुपयाच्या नाण्याएवढं.
श्वास तिथून येतो, तिथूनच जातो,
तोंडाला त्याचा पत्ता नाही.
मिरजेच्या दवाखान्यात स्वरयंत्र काढलं,
सिस्टर सॅलोमीनं हातात पाटी दिली.
म्हणाली, काका, बोला.

मी आकडा लिहिला. क्विंटलचा भाव.
दुसरं काही सुचलंच नाही.

सदतीस वर्षं सांगलीच्या यार्डात
हळदीचे सौदे पुकारले मी,
डाव्या गालात तंबाखू धरून.
भुवयांपर्यंत पिवळी धूळ,
आणि आदगोंडाचा आवाज पत्र्याला धडकून माघारी.
माझे वडील रुमालाखाली सौदा करायचे.
बोटांनी. ओठ मिटलेले.
मला ते चोरट्यासारखं वाटायचं.
म्हणायचो, मालाला आवाज पाहिजे, अण्णा.

घरी आलो तर पहाटे साडेचारला दयाळ.
शेजारच्या शेवग्यावर,
काळा-पांढरा, शेपूट उभी,
जणू अख्खी गल्ली यानं बोलीत घेतलीय.
उठलो, खिडकी आपटली.
तो जागचा हलला नाही.
वजन किती असेल?
दोन-चार हळकुंडं.

भाची त्रिशला, बी.एस्सी.ला आहे.
तिच्यापुढं पाटी सरकवली: याला एवढा कुठून?
ती म्हणाली, मामा, पाखराचा आवाज गळ्यात नसतो.
त्याचा कंठ म्हणजे नुसतं दार.
आवाज खाली, पार छातीत,
श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथं.
तिनं खडूनं रेघ ओढली, खाली दुभंगली.
मी शेजारी लिहिलं: अंकली फाटा.
ती हसली. हो, तस्संच.
एक वारा सांगलीकडून येतो, एक मिरजेकडून,
फाट्यावर पातळ पडदे थरथरतात,
पुढं रस्ता एकच.
शब्दिनी म्हणतात त्या जागेला.
डावीकडं एक सूर, उजवीकडं दुसरा,
वाटलं तर दोन्ही एकदम.

एका गाळ्यात दोन आडते?
आणि भांडत नाहीत, म्हणाली.

त्या रात्री छातीवर हात ठेवून पडलो.
डॉक्टरांनी दार नेलं,
फाटा नेला नाही.
तिथं पडदा नाही, माहीत आहे मला.
माणसाच्या फाट्यावर नुसता वारा.
तरी पहाटेपर्यंत
हात काढला नाही.

दयाळ सुरू झाला तेव्हा खिडकी उघडीच होती.
दोन ताना, मध्ये बारीकशी फट:
तेवढ्यात तो श्वास उचलतो,
कुणाला कळू न देता.
मला कळलं. हल्ली
श्वासाचंच गिऱ्हाईक आहे मी.

सोमवारी यार्डात गेलो.
नवा पोरगा पुकारत होता, घसा ताणून, वरच्या वर.
राजापुरीच्या ढिगावर भाव अडला.
जुना एक व्यापारी समोर, तोही गप्प.
मी भोकावरचा रुमाल सोडला,
त्याच्या हातावर टाकला,
खाली त्याची दोन बोटं दाबली.

उघड्या गळ्यातून वारा वाजला, फुर्र.
पोरगा थांबला.
व्यापारी माझ्या तोंडाकडं बघत राहिला, सवयीनं,
मग रुमालाखाली
त्यानं तिसरं बोट दिलं.