उतार

देओलिंदा जांभई देत नाही.
तेरा वर्षांत एकदाही नाही, असं सांगते
ओठ जेमतेम उघडून,
दाराची साखळी न काढता आल्यागेल्याशी बोलावं तसं.
उजव्या कानापुढे बोट टेकवते: इथे.
मी तिथे बोट ठेवते
तेव्हा ओल्या वाळूत पाय रुतल्यासारखा कर्र आवाज
कानाआधी माझ्या बोटाला कळतो.

दाताच्या डॉक्टरांनी तिला रात्रीची पट्टी दिली होती,
पारदर्शक, बेतून केलेली.
चार महिन्यांत तिला भोक पाडून
ती कागदात गुंडाळून तिने परत नेली.
दाताच्या कण्या झाल्या होत्या तिच्या,
कुणापुढे कधी पदर न पसरता.
डॉक्टर टेल्मोंनी चिठ्ठी लिहिली माझ्या नावाने:
जबडा मी पाहिला. उरलेली बाई तुम्ही पाहा.

उरलेल्या बाईला मी मोजे काढायला सांगितले.
ती हसली, हसता येत होतं तेवढं.
दुखतंय वर, म्हणाली, आणि तुम्ही बघताय खाली.

उभ्या राहा, म्हटलं. कामावर राहायचात तशा.

आणि माझ्या सपाट, कोरड्या फरशीवर
तिचा डावा गुडघा आपोआप वाकला.

एकतीस वर्षं, मातोझिन्युशच्या डबाबंद मासळीच्या कारखान्यात:
सार्डिनचं डोकं, मग शेपूट,
डब्यात पाच, एकाआड एक उलटे.
फरशी मुद्दाम तिरकी घातलेली,
रक्त, पाणी, खवले आपसूक मोरीला लागावेत म्हणून.
मोरी उजवीकडे.
पाण्यासाठी काढलेल्या उतारावर
पाणी क्षणभर थांबायचं,
देओलिंदा आठ तास.

डोळे फार हट्टी असतात.
त्यांना समुद्राची रेघ आडवीच लागते.
त्यांचा हट्ट पुरवायला खालचं सगळं घर वाकतं:
खुबा एकीकडे खचतो, कंबर दुसरीकडे ओढून धरते,
खांदा कानाला भिडतो,
आणि सगळ्यात शेवटी, जिथे ढकलायला पुढे कुणी नाही,
तिथे दोन बिजागऱ्या,
त्यांतली एक जरा जास्त घट्ट.

पुस्तकांत यावर भांडणं आहेत.
टाचेचा आणि जबड्याचा काडीचा संबंध नाही, असं लिहिणारेही आहेत,
आणि ते मूर्ख नाहीत.
मी भांडत नाही. मी आबिलिओकडे पाठवते.

आबिलिओने तिचा बूट उलटा धरला, बघितला,
आणि फळीवरून आणखी सात जोड काढून शेजारी मांडले.
सगळे एकाच कडेने झिजलेले.
सगळ्या तुमच्या कारखान्याच्या, म्हणाला.
मला वाटायचं, तिकडे जायचा रस्ताच तसा असेल.
मग बुचाची एक चकती कापली,
चार मिलिमीटर,
उजव्या टाचेखाली बसवली, आणि पैसे घेतले निम्मे.

बरी झाली, असं मी लिहिणार नाही.
अजून झोपेत तिचे दात मोजतात,
पाच, पाच, पाच,
तिची बहीण झुल्मिरा भिंतीपलीकडून ऐकते.
पण परवा, रविवारी,
धक्क्याजवळच्या बाकावर झुल्मिराने जांभई दिली,
आणि तिच्या पाठोपाठ हिने.
मग घाबरून तोंडावर हात,
इकडे तिकडे पाहिलं,
काही चोरीला गेलं की सापडलं ते न कळून.

आज ती मला दाखवते:
दातांच्या मध्ये दोन बोटं, उभी.
तिसरं जात नाही.
मागच्या महिन्यात एकच जात होतं, तेही करंगळी.

मग थोडा उतार आहे म्हणायचा, मी विचारते.

शब्द ऐकताच
तिचा डावा गुडघा वाकतो.